यंत्राच्या घरीं बाहेरचा आवाज

विजेवर चालणाऱ्या वाद्यांविषयीं एक समजूत सर्वत्र आढळते. ती अशी कीं, या वाद्यांचा आवाज त्यांच्या पोटांतच जन्माला येतो आणि वाजविणाऱ्यानें फक्त पट्टी दाबावयाची असते. सिंथेसायझर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या यंत्राच्या बाबतींत ही समजूत पुष्कळशी खरीहि आहे. परंतु त्या यंत्राचा मॉड्यूलर म्हणून जो एक प्रकार आहे, त्यांत बाहेरच्या जगांतला कोणताहि आवाज आंत सोडण्याची वाट मोकळी असते. मग तो गवयाचा गळा असो, तंबोऱ्याची तार असो, तबल्याची थाप असो, नाहीं तर रेडिओवर चाललेलें एखादें भाषण असो. हा पाहुणा आवाज आंत शिरला म्हणजे त्याचें काय होतें, तो शिरावा म्हणून कोणती पूर्वतयारी करावी लागते, आणि हा सारा खटाटोप मुळांत कशासाठीं, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम यंत्राची थोडी ओळख. मॉड्यूलर सिंथेसायझर हें एक यंत्र नसून अनेक लहान यंत्रांचें एकत्र कुटुंब आहे. वैद्याच्या कपाटांत जसे खण असतात, तसे याच्या चौकटींत निरनिराळे घटक बसविलेले असतात. त्यांतील प्रत्येकाला मॉड्यूल म्हणतात. एक मॉड्यूल विजेचीं आंदोलनें निर्माण करतें, तो ऑसिलेटर. दुसरें त्या आंदोलनांतील नको असलेला भाग गाळून टाकतें, तो फिल्टर. तिसरें आवाज लहानमोठा करतें, तो अॅम्प्लिफायर. यांपैकीं कोणाचा संबंध कोणाशीं जोडावयाचा हें कारखानदार ठरवीत नाहीं. वाजविणारा स्वतःच दोन्ही टोकांना प्लग असलेल्या लवचिक तारांनीं तें ठरवितो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्यें ऑपरेटर ज्याप्रमाणें एका घराची तार दुसऱ्या घराच्या भोंकांत खोंचून देत, तसाच हा प्रकार.

अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील ट्रूमन्सबर्ग या लहानशा गांवीं रॉबर्ट मोग यांनीं १९६४ सालीं संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्यानें अशा मॉड्यूलांचा पहिला नमुना सिद्ध केला. जवळजवळ त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को येथें डोनाल्ड बुक्ला हे मॉर्टन सुबॉटनिक व रेमॉन सेंडर या दोघां संगीतकारांच्या सांगण्यावरून त्याच दिशेनें चालले होते. मोग यांचें नांव पुष्कळ लोक ‘मूग’ असें उच्चारतात. परंतु त्याचा उसळीच्या मुगाशीं कांहीं एक संबंध नाहीं.

दोघांच्याहि यंत्रांत जी कल्पना नवी होती ती अशी. पूर्वीं ऑसिलेटरचा स्वर चढवावयाचा तर हातानें बटन फिरवावें लागे. आतां तेंच काम दुसऱ्या मॉड्यूलमधून येणारा विद्युद्दाब करूं लागला. मोग यांच्या पद्धतींत एक व्होल्ट दाब वाढला कीं स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. म्हणजे या यंत्रांत आवाज हाहि विद्युद्दाब आणि आवाजाला दिलेली आज्ञा हाहि विद्युद्दाब. बाजारांत एकच नाणें धान्यालाहि चालतें आणि कापडालाहि चालतें, तसें येथें आहे. त्यामुळें बाहेरून आलेल्या आवाजाला या घरांत दोन प्रकारांनीं वागवितां येतें. तो आवाज कच्चा माल म्हणून वापरून त्याला नवें रूप द्यावें, हा एक प्रकार. आणि त्याच आवाजाकडून आज्ञा घेऊन यंत्राचा स्वतःचा आवाज हालवावा, हा दुसरा.

भारतीय संगीताच्या दृष्टीनें पाहतां हा दुसरा प्रकार फार मोलाचा आहे. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड येत नाहीं व श्रुति सांपडत नाहींत ही तक्रार जुनी आहे. त्याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं हार्मोनियमला दार बंद केलें, आणि १९७१ पर्यंत तें किलकिलेंहि झालें नाहीं. सिंथेसायझरला पट्ट्या जोडल्या कीं त्याच्यावरहि तोच आक्षेप येतो, कारण त्याच बारा ठराविक पायऱ्या त्याच्याहि वाट्यास येतात. बुक्ला यांना तर पट्ट्यांचें एवढें वावडें होतें कीं, त्यांनीं आपल्या यंत्राला त्या न लावतां बोटांच्या स्पर्शानें चालणारे पत्रे बसविले. परंतु आज्ञा द्यावयाला पट्टीच कशाला हवी? गळाच आज्ञा देऊं शकला तर यंत्राला मींड घ्यावीच लागेल. हें कितपत साधतें तें पुढें पाहतां येईल. तत्पूर्वीं आवाज आंत नेण्याचें साधें दिसणारें काम, कारण बहुतेक प्रयत्न फसतात ते उंबरठ्यावरच.

मायक्रोफोनसमोर मनुष्य नेहमींच्या आवाजांत बोलूं लागला म्हणजे साध्या डायनॅमिक मायक्रोफोनमधून जो विद्युद्दाब निघतो तो एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा हजारावा किंवा पांचशेवा भाग असतो. घरगुती ध्वनियंत्राच्या मागच्या बाजूस जो आवाज मिळतो त्याची ठराविक पातळी सुमारें ०.३२ व्होल्ट, आणि स्टुडिओंतील व्यावसायिक यंत्रांची १.२३ व्होल्ट. हे आंकडे सरासरीचे झाले. लहरीच्या शिखरापासून तळापर्यंत मोजलें तर ते अनुक्रमें ०.९ व ३.५ व्होल्ट भरतात. आतां मॉड्यूलर यंत्राकडे पाहावें. सध्यां युरोरॅक नांवाची मांडणी सर्वांत अधिक चालते. ती जर्मनींतील डीटर डोएप्फर यांनीं १९९५ सालीं सुरू केली. तिच्यांत ऑसिलेटरचा आवाज उणे पांच व्होल्टांपासून अधिक पांच व्होल्टांपर्यंत हेलकावे घेतो, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत दहा व्होल्ट. तेव्हां स्टुडिओंतला आवाज आंत न्यावयाचा तर तो जवळजवळ तिपटीनें, घरगुती यंत्रांतला अकरा पटींनीं, आणि मायक्रोफोनमधला निदान सतराशे-अठराशे पटींनीं वाढवावा लागतो.

हें वाढविण्याचें काम ज्या मॉड्यूलकडे असतें त्याला प्रीअॅम्प्लिफायर म्हणतात. बुक्ला यांच्या अगदीं पहिल्या, १०० क्रमांकाच्या मालिकेंतच मायक्रोफोनसाठीं असें मॉड्यूल होतें. यावरून बाहेरचा आवाज आंत घेण्याची कल्पना मागाहून चिकटविलेली नाहीं हें दिसून येतें. नवशिका मनुष्य पुष्कळदां हें मॉड्यूल टाळूं पाहतो. आवाज तसाच आंत सोडून शेवटीं स्पीकरजवळ मोठा करून घेऊं, असा त्याचा हिशेब असतो. परंतु मधल्या प्रत्येक मॉड्यूलची स्वतःची थोडी थोडी सरसर असते. शेवटीं आवाज वाढविला म्हणजे तिच्यासकट सगळेंच वाढतें, आणि गाणें धबधब्याआडून ऐकूं यावें तसें येतें. शिवाय पुढें ज्या मॉड्यूलांनीं त्या आवाजाची चाहूल घेऊन कामाला लागावयाचें, त्यांना तो मुळीं पोंचतच नाहीं. उलट फाजील वाढविला तर लहरीचीं शिखरें छाटलीं जाऊन आवाज फाटतो. असा फाटका आवाज कांहीं संगीतकारांना आवडतो, व फिल्टरपुढें तो मुद्दाम नेऊन ठेवणारेहि आहेत. पण तें राजीखुषीनें व्हावें, चुकून होऊं नये. म्हणून गवयाला तार षड्जावर एकदां पूर्ण जोरानें गावयास सांगून त्या वेळच्या आवाजावर बटन बसविणें हीच खरी रीत. हलक्या आलापावर बसविलेलें बटन तान सुरू होतांच दगा देतें.

पातळीखेरीज आणखी दोन अडचणी आहेत. विजेच्या गिटारसारख्या वाद्यांतून निघणारा विद्युद्दाब अतिशय नाजूक असतो. पुढच्या यंत्रानें थोडीशी वीज ओढली कीं तो दबतो व त्यांतील वरचे स्वर मरतात. अशा वाद्याला सुमारें दहा लक्ष ओहम विरोध असलेलें दार हवें. मॉड्यूलांच्या दारांचा विरोध साधारणतः पन्नास हजारांपासून एक लक्षापर्यंतच असतो. म्हणून मध्यें त्यासाठींच बनविलेला वर्धक घालावा लागतो. दुसरी अडचण घुमण्याची. घरांतील वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेंत ६०. दोन यंत्रें जमिनीशीं वेगवेगळ्या वाटांनीं जोडलेलीं असून पुन्हां आवाजाच्या तारेनें एकमेकांस जोडलीं, म्हणजे तारांचें एक वेटोळें तयार होतें आणि त्यांत ही ५० ची घरघर शिरते. स्टुडिओंतील मायक्रोफोनची तार दुहेरी असते. दोन तारांत तोच आवाज परस्परांच्या उलट धांवतो. वाटेंत शिरलेली घरघर मात्र दोहोंत सारखी असते. शेवटीं दोहोंची वजाबाकी केली कीं घरघर नाहींशी होते व आवाज राहतो. मॉड्यूलर यंत्रांत ही सोय नाहीं, तेथें तार एकेरीच. त्यावर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उंबरठ्यावर एक लहानसा ट्रान्सफॉर्मर ठेवणें. आवाज चुंबकाच्या वाटेनें पलीकडे जातो आणि दोन यंत्रांतला धातूचा सांधा तुटतो. यंत्राची जमिनीकडची तार कापून टाकणें हा जो सोपा उपाय पुष्कळ जण सांगतात, तो जिवाशीं खेळ आहे.

असो. आवाज आंत आला. आतां त्याला प्रथम फिल्टरमधून सोडावा. फिल्टर ही गाळणी आहे; ती आवाजांत जें आहे त्यांतूनच कांहीं काढून टाकूं शकते, नाहीं तें आणूं शकत नाहीं. म्हणून बासरीच्या साध्यासरळ आवाजावर फिल्टर फिरविला तर फारसें कांहीं घडत नाहीं. तंबोऱ्याचें तसें नाहीं. जवारी नीट लागलेल्या तारेंतून मूळ षड्जाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी स्वर उठत असतात. कान देऊन बसणाऱ्याला त्यांतला गंधार आपोआप ऐकूं येतो. अशा आवाजावर फिल्टर हळूहळू उघडत नेला म्हणजे ते स्वयंभू स्वर एकामागून एक पडद्याबाहेर येतात. फिल्टरची धार तीक्ष्ण केली तर एकेक स्वर वेंचून दाखवितां येतो. तंबोऱ्यांत काय काय भरलेलें आहे हें शिष्याला समजावून देण्यास याहून चांगलें साधन मिळणें कठीण.

याहून विलक्षण मॉड्यूल म्हणजे रिंग मॉड्युलेटर. हाराल्ड बोडे या जर्मन शोधकानें बनविलेले रिंग मॉड्युलेटर मोग यांच्या यंत्रांत असत. या मॉड्यूलला दोन आवाज द्यावयाचे. तें त्या दोघांचा गुणाकार करतें, आणि परिणामीं मूळचे दोनहि स्वर नाहींसे होऊन त्यांची बेरीज व वजाबाकी ऐकूं येते. समजा, ऑसिलेटर सेकंदास २४० आंदोलनांच्या षड्जावर लावून ठेवला आहे. गवयानें ३६० चा पंचम लावला, तर बाहेर ६०० आणि १२० हे स्वर येतात. १२० म्हणजे मंद्र षड्ज, आणि ६०० म्हणजे तार सप्तकांतला शुद्ध गंधार! पंचम गावा आणि षड्ज-गंधार ऐकूं यावेत, ही गंमत हिशेबानेंच घडते. पण तोच गवई २७० च्या रिषभावर आला कीं ५१० व ३० असे स्वर निघतात. ३० हा तीन सप्तकें खालचा षड्ज, तो ऐकूं येण्यापेक्षां छातींत जाणवतो. आणि ५१० हा तार षड्जाच्या अंगावर घांसणारा कोमल रिषभासारखा स्वर. गळ्यांत मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे स्वरहि असल्यानें प्रत्यक्ष मिश्रण याहून गुंतागुंतीचें होतें. ऑसिलेटरचा स्वर गवयाच्या षड्जाशीं जुळविलेला नसेल तर मनुष्याचा गळा घंटेसारखा किंवा पत्र्यासारखा वाजूं लागतो. चित्रपटांतील यंत्रमानवांना पुष्कळदां जो आवाज दिलेला असतो, तो याच जातीचा.

आतां दुसरा प्रकार, आज्ञेचा. गवयाच्या आवाजाचा लहानमोठेपणा विद्युद्दाबांत उतरविणारें जें मॉड्यूल असतें त्याला एन्व्हलप फॉलोअर म्हणतात. मोग यांच्या जुन्या यंत्रांत तें ९१२ या क्रमांकानें ओळखलें जाई. त्याचें काम दोन पायऱ्यांचें. आवाजाची लहर शून्याच्या वर जितकी जाते तितकीच खालींहि जाते, त्यामुळें तिची नुसती सरासरी काढली तर ती शून्यच येणार. म्हणून खालचा भाग प्रथम उलटा करून वर आणावयाचा. नंतर त्या उंचवट्यांवरून एक मंद गाळणी फिरवून ते सपाट करावयाचे. उरते ती आवाजाच्या चढउताराची रेघ.

खरी कसोटी त्या गाळणीच्या मंदपणांत आहे. सेकंदास ८० आंदोलनांचा खर्जाचा स्वर घेतला तर उलटल्यानंतर त्याचे सेकंदाला १६० उंचवटे होतात. गाळणी चपळ ठेवली तर ते पुरते बसत नाहींत, आणि त्यांच्या तालावर यंत्र गुरगुरूं लागतें. मंद ठेवली तर खर्ज शांत होतो, पण तबल्याची थाप पडून विरूनहि जाते आणि यंत्र मागाहून जागें होतें. या दोन्ही डगरींवर हात ठेवणें शक्य नाहीं. आलापासाठीं मंद व तबल्यासाठीं चपळ असें आधींच ठरवून घ्यावें लागतें. एकदां हें साधलें म्हणजे मग गंमत सुरू होते. तबल्यावरून निघालेली रेघ फिल्टरकडे नेली आणि फिल्टरमधून तंबोरा सोडला, तर ठेका तबल्याचा व नाद तंबोऱ्याचा असें तिसरेंच वाद्य जन्मास येतें. तबलजीनें हात हलका केला कीं तंबोरा मिटतो, जोर धरला कीं खुलतो. येथें यंत्र त्याच्या हाताचें वजन ओळखतें. पट्टीनें हें जमलें नसतें.

नुसता आरंभ आणि शेवट कळावयास हवा असेल, तर त्या रेघेवर एक मर्यादा बसवितात. रेघ मर्यादेच्या वर गेली कीं दार उघडावें, खालीं आली कीं मिटावें. पण मर्यादा एकच असेल तर आवाज बरोबर तिच्यापाशीं घुटमळतांना दार फडफडत राहतें आणि एका थापेच्या पांच होतात. म्हणून दोन मर्यादा ठेवतात. उघडण्यासाठीं समजा दोन व्होल्ट आणि मिटण्यासाठीं एक. ही युक्ति ज्या जोडणीनें साधते ती ऑटो श्मिट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३८ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिची प्रेरणा त्याला माखली जातीच्या समुद्रप्राण्याच्या मज्जातंतूंवरील अभ्यासांतून मिळाली होती.

राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न, स्वर ओळखण्याचा. गवयाच्या गळ्यांतील स्वर मोजून त्याप्रमाणें एका सप्तकाला एक व्होल्ट या हिशेबानें दाब निर्माण करावयाचा. षड्जापासून मध्यमापर्यंतच्या मींडीला या मापानें ०.४१५ व्होल्ट लागतात; पट्टीवरील एका पायरीला ०.०८३. आणि ज्या बारीक फरकाला प्रमाणश्रुति म्हणतात, त्याला अवघे १८ मिलिव्होल्ट. म्हणजे घरघरीनें किंवा ढिसाळ जोडणीनें एवढा दाब इकडचा तिकडे झाला तर श्रुतीची चर्चाच संपली. उंबरठ्यावरच्या त्या कंटाळवाण्या तयारीची किंमत येथें कळते.

स्वर मोजण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे लहर शून्य रेषा किती वेळां ओलांडते तें मोजणें. शुद्ध स्वरावर ती बिनचूक चालते. पण गळ्यांत व वाद्यांत वरचे स्वर प्रबळ असतात, आणि त्यांच्यामुळें लहर एका आंदोलनांत दोनदां-तीनदां शून्य ओलांडते. यंत्राची समजूत होते कीं गवई एकदम सप्तकभर वर गेला. म्हणून मोजण्यापूर्वीं फिल्टरनें वरचे स्वर काढून टाकून मूळ स्वर एकटा ठेवावा लागतो. शिवाय मोजावयाचें तर निदान एक-दोन आंदोलनें पुरीं व्हावीं लागतात. १०० आंदोलनांच्या स्वराचें एकच आंदोलन सेकंदाचा शंभरावा भाग खातें, तेवढें यंत्र मागें राहणारच. आणि बंदिशींत ‘स’ किंवा ‘श’ आला कीं त्यांत मोजण्याजोगा स्वरच नसतो. यंत्र बावचळतें आणि दाब वाटेल तेथें उडतो. तेवढ्यापुरता आधींचा दाब धरून ठेवावा, ही त्यावरची तोड. अनेक स्वर एकदम वाजविणाऱ्या वाद्याच्या बाबतींत तर ही पद्धत निरुपयोगीच. येथें विक्रेत्यांच्या वर्णनांवर विसंबून पैसे खर्चूं नयेत. आकारांत, सावकाश, एकट्या गळ्यानें गायिलेल्या आलापामागें यंत्र बऱ्यापैकीं चालतें व मींडहि घेतें. द्रुत तानेमागें मात्र तें धापा टाकीत राहतें.

जपानांतील कॉर्ग कंपनीनें १९७८ सालीं काढलेल्या एमएस-२० या यंत्रांत हीं सारीं कामें एका कोपऱ्यांत जमवून आणलेलीं होतीं. बाहेरचा आवाज वाढविणें, त्यांतला हवा तेवढा पट्टा गाळून घेणें, त्याचा लहानमोठेपणा, आरंभ आणि स्वर विद्युद्दाबांत उतरविणें, हें सर्व तेथें होतें. त्या यंत्रांत सप्तकाला एक व्होल्ट असा हिशेब नसून स्वराच्या आंदोलनांच्या प्रमाणांत दाब दुप्पट-चौपट होत जातो. आंदोलनें मोजून दाब बनविण्यास ही रीत सरळ पडते. पण त्यामुळें त्याचा दाब मोगपद्धतीच्या यंत्रास जसाच्या तसा चालत नाहीं. दोन यंत्रांची भाषा एक असेलच असें गृहीत धरूं नये. इंग्लंडमधील व्हीसीएस-३ या १९६९ सालच्या छोट्या यंत्रालाहि बाहेरच्या आवाजासाठीं दोन दारें होतीं. रॉक्सी म्यूझिक या वाद्यमेळांत ब्रायन ईनो हे १९७२ च्या सुमारास सोबत्यांच्या वाद्यांचे आवाज त्या दारांनीं आंत घेऊन त्यांचें रूप बदलून बाहेर सोडीत. तेव्हां त्यांचें वाद्य कोणतें, तर इतरांचीं वाद्यें!

याच वाटेनें थोडें पुढें गेलें म्हणजे व्होकोडर लागतो. बेल प्रयोगशाळेंतील होमर डडली यांनीं तो टेलिफोनवरील बोलणें कमी जागेंत पाठवितां यावें म्हणून शोधून काढला होता, आणि दुसऱ्या महायुद्धांत गुप्त संभाषणासाठीं त्याचा उपयोग झाला. त्यांत बोलणाऱ्याचा आवाज अनेक फिल्टरांनीं पट्ट्यापट्ट्यांत तोडतात, प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र एन्व्हलप फॉलोअर लावतात, आणि त्या रेघांनीं दुसऱ्या एखाद्या आवाजाचे तेच पट्टे उघडतात-मिटतात. मग तो दुसरा आवाज बोलूं लागतो. मोग व वेंडी कार्लोस यांनीं १९७० सालीं दहा पट्ट्यांचा व्होकोडर बनविला, आणि १९७१ च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ या चित्रपटांत बीथोव्हेनच्या नवव्या सिंफनींतील गायन त्याच्याकरवीं गाऊन घेतलें.

हिंदुस्थानांतहि हें यंत्र लवकर आलें, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणांत गेली होती. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत १९६९ सालीं मोगचें मॉड्यूलर यंत्र आलें व अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनीं तें तेथें उभें करून दिलें. या कामांत गीता साराभाई यांचा पुढाकार होता. या पखवाज शिकलेल्या विदुषीनें १९४६ सालीं न्यूयॉर्क येथें जॉन केज यांस भारतीय संगीताचे पाठ दिले होते व त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीताचे घेतले होते. त्याच केज यांनीं पुढें १९५१ सालीं बारा रेडिओ हींच वाद्यें मानून एक रचना केली. अहमदाबादेस साराभाई यांच्याबरोबर आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनीं १९६९ ते १९७२ या काळांत काम केलें. त्यांच्या टेप संस्थेच्या संग्रहांत पडून होत्या. पॉल पर्गस या संगीतकारानें त्या शोधून काढल्या, आणि २०२३ सालीं त्यांतील निवडक भाग प्रसिद्ध झाला. पन्नास वर्षें हें काम कोणी ऐकलेंच नव्हतें, त्यामुळें त्याचा वारसाहि कोणी घेतला नाहीं. पट्ट्या सोडून गळ्याला व तालवाद्याला यंत्राशीं बोलतें करण्याचा प्रयोग येथें पुन्हां मुळापासूनच करावा लागत आहे. त्यासाठीं आज मोठी यंत्रशाळा लागत नाहीं. पुस्तकांच्या एका फळीएवढी चौकट, एक मायक्रोफोन आणि एक रेडिओ एवढ्यावर आरंभ होतो. रेडिओच्या कानांतल्या ध्वनिग्राहकासाठीं असलेलें भोंक यासाठीं चांगलें उपयोगी पडतें. दोन केंद्रांच्या मधली शिट्टी व खरखर फिल्टरमधून ऐकतांना समुद्राचा भास होतो, आणि निवेदकाच्या बोलण्यानें ऑसिलेटर हालवितां येतो.

परतीच्या वाटेसंबंधीं थोडें सांगावयाचें राहिलें. दहा व्होल्टांचा आवाज स्टुडिओच्या यंत्रांत तसाच सोडला तर तो तेथें फाटतो; म्हणून जातांना जेवढें वाढविलें, साधारण तेवढेंच येतांना उतरवावें. मिक्सरच्या मायक्रोफोनसाठीं असलेल्या दारांत मॉड्यूलर यंत्राची तार खोंचूं नये. कंडेन्सर मायक्रोफोनला वीज पुरविण्यासाठीं त्या दारांतून ४८ व्होल्ट उलट बाहेर येत असण्याचा संभव असतो, आणि तेवढा दाब मॉड्यूलला इजा करूं शकतो. मायक्रोफोन व स्पीकर एकाच खोलींत असतील तर स्पीकरचा आवाज पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरून किंकाळी उठते. अशा वेळीं कानांवर श्रवणयंत्र घालून काम करावें, पण त्याचा आवाज आधीं पूर्ण उतरवून मगच. सर्व यंत्रें चालू झाल्यावर शेवटीं स्पीकर चालू करावा, आणि बंद करतांना सर्वांच्या आधीं तोच बंद करावा.